दाजी मास्तरांच्या दोरीचं दुसरं टोक

दर वर्षी दोन नावं. डाव्या रकान्यात त्या वर्षीचा सर्वांत चांगला खेळाडू, उजव्या रकान्यात मदतगार. धारच्या आमच्या हायस्कुलात हॉलच्या भिंतीवर काळा रंग दिलेला मोठा सागवानी फळा होता, त्यावर ही नावं सोनेरी अक्षरांत चढायची. चढवायचं काम ड्रॉइंग मास्तरचं, म्हणजे माझं. सोनेरी भुकटी वार्निशात कालवायची, शिडीवर चढायचं, मान वाकडी करून तास-दीड तास लटकायचं, आणि खालून दाजी मास्तर म्हणणार, "काळे, तुमची वेलांटी ओळ सोडून चालली." सोळा वर्षं मी ती नावं लिहिली आणि सोळाही वर्षं कुरकुर केली. आता हात कापतो, मला कुणी एक अक्षर रंगवायला सांगत नाही, आणि रिकाम्या वेळात नेमका तो फळाच आठवत बसतो.

दाजी मास्तर म्हणजे दाजीबा जगदाळे, आमचे ड्रिल मास्तर. घराणं पिढ्यांमागे धारच्या राजेसरकारांबरोबर दक्षिणेतून आलेलं. वडील पागेत होते, हे स्वतः तरुणपणी संस्थानच्या फौजेत. बुटके, रुंद, पोटऱ्यांना फौजेतल्या पट्ट्या गुंडाळलेल्या, आणि खिशात रुमालात बांधलेली शिट्टी. ती शिट्टी वर्षातून चार-पाचदा बाहेर निघत असेल. मास्तरला शिट्टी फुंकावी लागली म्हणजे मास्तर कमी पडला, असं त्यांचं म्हणणं. घरात ते आजोबांच्या वेळची मराठी बोलायचे, "बसावें, चहा घ्यावा" अशी, आणि मैदानात उतरले की तेच तोंड "अरे भिया, पग उठा, पग, सो रिया है क्या" म्हणायचं. पहिल्या दिवशी मला वाटलं, हे दोन वेगळे गृहस्थ आहेत.

कौतुक त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नाही. त्यांच्याकडे एकच शब्द होता, "ठीक." पोरगं बांबूवरून पाच फूट उडालं, ठीक. हॉकीची टीम कप घेऊन आली, ठीक. एकदा एक बडे पाहुणे मैदान बघून खूश झाले आणि दाजींची पाठ थोपटून दोन मिनिटं बोलले. दाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ठीक आहे, साहेब." पाहुण्यांना ते उद्धट वाटलं. त्यांना काय ठाऊक की त्यांच्या वाट्याला आमच्याकडची सगळ्यांत मोठी शाबासकी आली होती.

पण पोरं मूर्ख नसतात. दाजी तोंडानं देत नाहीत ते कुठून मिळतं, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. दर शनिवारी दुपारनंतर दाजी मैदान आखायचे. एका बादलीत भिजवलेला चुना, त्यात बुडवायला चिंध्यांचा बोळा, आणि एक लांब सुती दोरी. दोरीचं एक टोक स्वतःच्या हातात, दुसरं एका मुलाच्या. दोघांनी दोरी ताणून जमिनीला टेकवायची आणि मग दाजी आपलं टोक खुंटीला अडकवून, ओणवे होऊन तिच्या कडेनं रेघ ओढत जायचे. दुसरं टोक कुणी धरायचं ते दाजी ठरवत. बोलत काही नसत, नुसतं टोक पुढे करत. ज्याच्यापुढे टोक आलं त्याचा तो आठवडा सोन्याचा जायचा. फळ्यावर नाव वर्षातून एकाचं लागायचं, पण दोरीसाठी पोरं वर्षभर जीव टाकत.

फळाही दाजींचीच कल्पना. त्यातही उजवा रकाना खास त्यांचा. खेळाडूचं नाव कुठेही लागतं, पण पोरं एकटी खेळत नाहीत, असं ते म्हणत. तर त्या रकान्यात पहिलं नाव करीमचाचा टांगेवाल्याचं होतं. एका पावसाळ्यात पाय मोडलेल्या पोराला त्यांनी महिनाभर रोज शाळेत आणून सोडलं होतं. मग फुटबॉल शिवणारा एक मोची. मग एक दूधवाली म्हातारी, जी रोज हॉकीच्या पोरांसाठी गडवाभर दूध कुंपणावर ठेवून जायची. म्हातारीला वाचता येत नव्हतं. आपलं नाव कुठलं ते तिनं मला विचारून घेतलं आणि पुढे कित्येक दिवस बरोबर त्याच जागेकडे बघून हात जोडायची.

त्या रकान्यावरून एकदा गंमत झाली. बाजारातले एक मोठे मिठाईवाले शेठ आले. म्हणाले, सगळ्या पोरांना चांदीची पदकं देतो, आमचं नाव लावा. हेडमास्तर हो म्हणून बसले होते. दाजींनी शेठना नमस्कार केला आणि सांगितलं की पदकं अवश्य द्या, पण त्या रकान्यात यायचं तर एक हंगाम मैदानावर पाण्याच्या मडक्यांशी उभं राहावं लागतं. मला वाटलं, आता शेठ भडकणार. पण तो माणूस खरोखर आला. आधी चार दिवस लाजत, मग सवयीनं, मग हौसेनं. पोरांना पाणी पाजता पाजता एवढा रमला की हाफ टाइमला दाजींच्या आधी स्वतःच ओरडायला लागला. हंगाम संपल्यावर मी त्यांचं नाव लिहिलं, आणि पदकांचं काय झालं ते सगळे विसरून गेले.

असा हा काटेकोर माणूस. त्या काटेकोरपणाचं मला तेव्हा फार कौतुक होतं. आता तेवढं नाही. का नाही, तेच सांगायला बसलोय.

दाजींचा मुलगा माधव आमच्याच शाळेत. एकुलता एक. उंच, हडकुळा, बापाच्या बरोबर उलटा, आणि पळायला लागला की बघत राहावं असा. मी ड्रॉइंग मास्तर, मला खेळातलं काय कळतं, पण हातापायाची चाल मला कळते. त्या पोराच्या पळण्यात एक रेघ फालतू नव्हती. तरी सहा वर्षांत एकदाही दाजींनी दोरीचं टोक त्याच्यापुढे केलं नाही. पहिल्या पहिल्यांदा माधव शनिवारी पुढे येऊन उभा राहायचा. मग मागे उभा राहायला लागला. मग शनिवारी तो आखणीच्या वेळी मैदानावर दिसेनासा झाला.

मी एकदा दाजींना छेडलं. ते म्हणाले, "काळे, पंगत बसली की घरच्यांनी पाट अडवायचा नाही. पाहुणे उठू देत. घरचे कुठं जातात?" माझ्याही घरी तसंच चालायचं. पंगतीत घरची माणसं शेवटी बसतात, उरलंसुरलं खातात, आणि त्यात कुणाला अपमान वाटत नाही. मला ते पटलं, हीच माझी चूक.

संस्थानं विलीन झाली त्यानंतरच्या थंडीत देवासला सामने ठरले. धार आणि देवासच्या शाळांचे हे सामने जुन्या काळापासूनचे. देवास म्हणजे एका गावात राजघराण्याच्या दोन पात्या, थोरली आणि धाकटी, त्यामुळे त्यांचे मानपान आमच्या दुप्पट. आता दोन्ही गाद्या गेल्या होत्या, पण कनाती त्याच होत्या आणि खुर्च्यांवरून रुसवेफुगवेही तेच. माधव तेव्हा मॅट्रिकला. शेवटची शर्यत लांब पल्ल्याची, मैदानातून निघून टेकडीच्या पायथ्याला वळसा घालून परत मैदानात.

घड्याळ नेहमी दाजींच्या हातात असायचं. त्या दिवशी शर्यत लागायच्या आधी त्यांनी ते देवासच्या मास्तरांच्या हातात दिलं आणि सरळ कनातीमागे निघून गेले. बापानं वेळ लावली असं कुणी म्हणायला नको. मी शेवटच्या रेघेजवळ होतो. टेकडीकडून पहिला आला तो माधव. मागे कुणी नाही, धूळसुद्धा नाही. देवासचे लोकदेखील उठून उभे राहिले. पोरगं रेघ ओलांडून थांबलं, गुडघ्यांवर हात टेकले, आणि मान वर करून आधी घड्याळाकडे पाहिलं. घड्याळ दुसऱ्याच माणसाच्या हातात. मग त्यानं सगळीकडे पाहिलं. त्याचा तो चेहरा मी पुष्कळदा काढायचा प्रयत्न केला, जमला नाही.

घरी आल्यावर दाजींनी मला चिठ्ठी दिली. डाव्या रकान्यासाठी नाव होतं रामसिंगचं. मांडूचा मुलगा, हॉकीचा गोलकीपर, सरळ आणि मेहनती. नाव लागायला नालायक नव्हता, पण त्या वर्षी फळ्यावर माधवशिवाय दुसरं नाव शोभत नव्हतं, हे शाळेच्या चपराशालासुद्धा माहीत होतं. रामसिंग स्वतः दाजींच्या दारात जाऊन उभा राहिला. म्हणाला, "माटसाब, इसपे तो माधव भिया को नाम होनो थो." दाजींनी त्याला चहा पाजून परत पाठवला. आणि मी, अर्धा डबा वार्निश घेऊन, शिडीवर चढलो आणि लिहिलं. कुरकुर तेवढी केली.

माधवनं भांडण केलं नाही. भांडला असता तर बरं झालं असतं, असं माधवची आई, आमच्या वहिनी, पुढे मला कितीदा म्हणाल्या. त्यानं आपले कॅनव्हासचे बूट धुऊन वाळवले आणि धाकट्या वर्गातल्या एका मुलाला देऊन टाकले. मॅट्रिक झाला, मनावर गावच्या तहसिलीत कारकून लागला. दिवाळीला दोन दिवस यायचा, वाकून नमस्कार करायचा, विचारलं तेवढं बोलायचा आणि पहिल्या मोटारीनं परत जायचा. एकदा रस्त्यात भेटला तेव्हा मी विषय काढलाच. तो शांतपणे म्हणाला, "नावाचं काही नाही, काका. आबांनी मला पळताना बघितलंसुद्धा नाही."

वर्षं अशीच गेली. शाळेत हिंदी आली, हेडमास्तर बदलले, ड्रिलला पी.टी. म्हणायला लागले. फळ्यावरची मराठी वाचताना नवी पोरं अडखळायची. दाजींचे गुडघे गेले. आखायला ओणवे झाले की उठताना एक हात जमिनीवर टेकवावा लागायचा, आणि ते कुणी पाहिलेलं त्यांना खपत नसे. आम्ही सगळेच त्या काळात थकलेले होतो, पण दाजींचं थकणं वेगळं होतं. माणूस काम करून थकतो तेव्हा झोप लागते. यांची झोपच गेली होती, असं वहिनी सांगायच्या.

आणि मग फळ्यावर एकच ओळ उरली. त्याच वर्षी दाजी रिटायर होणार. नव्या हेडमास्तरांनी ठरवलं की पुढचा फळा हिंदीत करायचा आणि त्यावर फक्त खेळाडू आणि देणगीदार घ्यायचे. जुन्या फळ्याच्या शेवटच्या ओळीत डावीकडे त्या वर्षीचा मुलगा आणि उजवीकडे मदतगार म्हणून खुद्द दाजी. हेडमास्तर भला माणूस होता, त्यानं मनापासून ठरवलं होतं. मला बोलावून सांगितलं, "मास्टर साहब, जगदाळेजी का नाम अच्छे से लिखिएगा."

मी दाजींना सांगायला मैदानावर गेलो. वाटलं होतं, "ठीक" म्हणतील. पण ते बादलीतला चुना ढवळत राहिले. मग म्हणाले, "तिथं माधवचं नाव घाला."

मी म्हटलं, मास्तर, शाळा सोडून त्याला नऊ वर्षं होत आली. खेळाडूच्या रकान्यात आता कसं लावणार?

"खेळाडूच्यात नको. ती जागा या वर्षीच्या पोराची, तिला हात लावायचा नाही. मदतगारात घाला." ते उठले, जमिनीला हात टेकून, आणि या वेळी मी पाहतोय याची त्यांना फिकीर नव्हती. "काळे, गावात माझं नाव झालं. जगदाळे मास्तर कुणाचा पक्ष घेत नाही, म्हणून. ते नाव कुणाच्या जिवावर झालं? सगळ्या पोरांच्या बापांनी माझ्यावर भरवसा ठेवला तो कशापायी? त्या एका पोरानं तोंड मिटून ठेवलं म्हणून. याहून मोठी मदत या मैदानाला कुणी केली असेल तर सांगा, त्याचं नाव घालू."

मग त्यांनी, चुन्याच्या बादलीकडे बघत, ते सांगितलं. देवासला ते कनातीमागे गेले होते खरे. पण कनातीच्या दोन पट्ट्यांत चार बोटं फट होती. टेकडीच्या वळणापासून रेघेपर्यंत सगळी धाव त्यांनी त्या फटीतून पाहिली. नंतर बाहेर यायचं त्यांना सुचलं नाही, कारण डोळ्यांना पाणी होतं आणि फौजेतला माणूस तसा चारचौघांत येत नाही. "पाहुणे जेवायची वाट पाहिली," ते म्हणाले, "आणि घरचं पोरगं उपाशी उठून गेलं." मग मला बजावलं की हे कुणाजवळ बोलायचं नाही.

मी त्याच संध्याकाळी मनावरला पोस्टकार्ड टाकलं. कनात, फट, सगळं लिहिलं. कार्ड उघडं असतं, पोस्टमास्तर वाचणार, वाचू दे. आयुष्यात मी जी दोन-चार शहाणी कामं केली, त्यांतलं हे एक.

नावाचा पेच मला सुटला तो शिडीवर चढल्यावर. आमच्या फळ्यावर पूर्ण नाव लिहायची पद्धत, स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. मी लिहिलं, "माधव दाजीबा जगदाळे". हेडमास्तरांना दाजीबा जगदाळे हवे होते, ते तिथे होतेच. फक्त त्यांच्यापुढे मुलगा उभा होता.

गॅदरिंगच्या दिवशी फळ्यावरचा पडदा सरला. हेडमास्तर वाचायला लागले, उजव्या रकान्यातल्या 'माधव'शी थबकले, पण माणूस कसलेला, सगळं वाचून टाळ्या घेतल्या. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले की आपण चुकून थोडं जास्त लिहिलंत. मी म्हटलं, चूक झाली साहेब, वय झालं. माझी चार बोलणी खाऊन झाली. दाजी पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी फळ्याकडे एकदा पाहिलं आणि नंतर सारा वेळ हॉलच्या दाराकडे पाहत राहिले. माधव आला नाही. कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या उचलायला लागले तरी दाजी उठले नाहीत. शेवटी वहिनींनी त्यांच्या खांद्याला हात लावला.

पुढचा शनिवार. मी हॉलमध्ये रंगाचे डबे आवरत होतो. दारात कोणीतरी उभं दिसलं. कपड्यांवर मोटारीची धूळ, हातात पिशवी, कानशिलावर दोन-चार केस पांढरे. माधव. त्यानं मला नमस्कार केला आणि फळ्यापुढे जाऊन उभा राहिला. पहिल्या ओळीपासून वाचत गेला. रामसिंगच्या नावाशी थांबला नाही. शेवटच्या ओळीशी बराच वेळ थांबला.

"काका, ती फटीची गोष्ट तुम्ही रचलेली तर नाही?"

मी म्हटलं, मला नावं लिहिता येतात, गोष्टी रचता येत नाहीत. बाहेर आहेत, विचारून घे.

तो बाहेर गेला. मी खिडकीशी उभा राहिलो, मला तरी दुसरं काय काम होतं? मैदानावर दाजी एकटेच होते. बादली, बोळा, दोरी. हॉकीची टीम सामन्याला इंदूरला गेली होती, त्यामुळे दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. दाजींनी ते टोक एका खुंटीला बांधायचं चालवलं होतं आणि गाठ बसत नव्हती. माधव जाऊन चार हात अंतरावर उभा राहिला, लहानपणी उभा राहायचा तसा. दाजींनी मान वर केली. कुणी पाया पडलं नाही, कुणी कुणाला जवळ घेतलं नाही. दाजींनी खुंटीवरची गाठ सोडली आणि दोरीचं टोक माधवपुढे धरलं.

माधवनं पिशवी खाली ठेवली आणि टोक घेतलं. मग तो मागे मागे सरकत गेला, दोरी ताणली, खाली बसला. दाजी ओणवे झाले आणि रेघ ओढायला लागले. नेहमी ते नजर रेघेवर ठेवत. त्या दिवशी त्यांची नजर समोर माधववर होती, आणि बोळा दोरी सोडून भलतीकडेच चालला होता.

मी त्यांच्या हाताखालच्या शेकडो रेघा पाहिल्या. वीतभर जरी वाकडी आली तरी पाणी मारून, पुसून, पुन्हा ओढायला लावायचे. ही तर चांगली हातभर वाकडी आली. माधवच्या पायाशी पोहोचल्यावर दाजींनी मागे वळून ती पाहिली, एक हात जमिनीला टेकवला, दुसरा माधवच्या खांद्यावर, आणि उठता उठता म्हणाले, मला खिडकीतून स्पष्ट ऐकू आलं, "ठीक."

ती रेघ त्यांनी पुसली नाही. सोमवारी पोरं तिच्यावरूनच पळाली.